लग्न न जमणारी मुलं आणि माझा संशोधन आराखडा : सरांनी विषय परत केला

रानवारा :
नमस्कार मंडळी. मी टी. वाय. बी. ए.ला आहे, समाजशास्त्र स्पेशल. बार्शी तालुक्यातल्या एका गावातून एसटीने कॉलेजला जाऊन-येऊन करते. या सत्रात आम्हाला छोटा संशोधन प्रकल्प आहे, आणि त्याआधी चार-पाच पानांचा आराखडा द्यायचाय. शीर्षक, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, मर्यादा वगैरे नेहमीचं. वर्गातल्या निम्म्या जणांनी 'मोबाईलचा तरुणांवर होणारा परिणाम' घेतलाय, उरलेल्यांनी 'लाडकी बहीण'.

मी घेतला 'ग्रामीण भागातील तरुणांचे विवाह न जमण्याची समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. आमच्या गावात तिशी ओलांडलेली बिनलग्नाची मुलं प्रत्येक आळीत आहेत. माझा चुलतभाऊही त्यातलाच. सरांनी आराखडा वाचला, कडेला पेन्सिलीनं "समस्या कोणाची?" एवढंच लिहिलं आणि परत दिला. विचारायला गेले तर म्हणाले, विचार कर, शुक्रवारी ये.

माझी गृहीतके अशी : मुलींची संख्या कमी झाली आहे, मुलींच्या व त्यांच्या पालकांच्या अपेक्षा वाढल्या आहेत, शेती परवडत नसल्याने शेतकरी मुलगा नाकारला जातो. गूगल फॉर्म करून १०० मुलांकडून भरून घ्यायचा विचार होता. यात काय बदलू? इथे बरेच जण या क्षेत्रातले आहेत असं दिसतं, म्हणून विचारतेय.

वैतागवाडी :
समस्या कोणाची? मंगल कार्यालयवाल्यांची. पुढचा प्रश्न घ्या. (हलके घ्या.)

पुणेरी_पाटी :
विषय बरा आहे, पण यात संशोधन ते काय करायचं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मुलगा पुण्यात नोकरीला हवा, गावाकडे दहा एकर बागायत हवी, आणि सासू-सासरे गावाकडेच राहायला हवेत. झाला प्रबंध.

मिरचीचा_ठेचा :
@पुणेरी_पाटी, सगळ्यांना माहीत असलेलंच तपासायचं असतं हो. नाहीतर पारावर बसलेले सगळेच डॉक्टरेट झाले असते.

खडूफळा :
रानवारा, तुझ्या सरांचा हात धरून अभिनंदन करावंसं वाटलं. बहुतेक ठिकाणी 'उद्दिष्टे वाढवा' असा शेरा मारून सही करतात.

मी अनेक वर्षं हाच विषय शिकवला, आता निवृत्त आहे. तुझी तिन्ही गृहीतकं पुन्हा वाच. ती कुठे बसून लिहिली आहेत? मुलाच्या घरच्या ओसरीवर. मुलाला बायको मिळत नाही, ही त्याची अडचण आहे. त्याच्या आईला शेतात आणि चुलीपाशी हात मिळत नाहीत, ही तिची वेगळी अडचण. ज्या मुलीनं नकार दिला तिच्या दृष्टीनं ही समस्या आहे का? तिच्या बापाच्या दृष्टीनं तर पहिल्यांदाच त्याची बाजू जड झाली आहे. एकेकाळी हाच बाप हुंड्यासाठी जमीन गहाण टाकायचा आणि त्या वेळी 'मुलींची लग्नं न जमण्याची समस्या' असे प्रकल्प आमच्याकडे यायचे, ढिगानं.

दुसरं. 'अपेक्षा वाढल्या' हे गृहीतक नाही, ती तक्रार आहे. कधीपासून वाढल्या, कोणत्या, कशाच्या तुलनेत? मोजता येणार नसेल तर आराखड्यात लिहू नये.

तिसरं, 'ग्रामीण भागातील तरुण' म्हणजे गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत सगळे आले. पदवीच्या पोराला एक गाव पुष्कळ झालं. एक आळीसुद्धा चालते.

आकडेमोड :
पहिलं गृहीतक माझ्या आवडीचं. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या. ती पिढी आज पंचविशी-तिशीत आहे, म्हणजे तुमचे नवरदेव. २०११ला हा आकडा ८९४ झाला, ती मुलं आत्ता कुठे लग्नाच्या वयाला येतायत. बीडमध्ये तर २००१ला ८९४ होता तो २०११ला ८०७ वर आला. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून याच आकड्यांवर बोलावं लागतं.

आता गंमत बघा. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात, साधारण १००० मागे ९५० मुली हे नैसर्गिक धरतात. म्हणजे २००१च्या पिढीतली खरी तूट चारेक टक्क्यांची. तुमच्या गावात तिशीतली किती मुलं बिनलग्नाची आहेत ते मोजा. शंभरात वीस-पंचवीस निघाली तर ती एकट्या गर्भलिंग निदानाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. शिवाय नवरा चार-पाच वर्षांनी मोठा शोधायचा आणि जन्मदर घटत जायचा, असं झालं की प्रत्येक पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुली आधीच कमी असतात. त्यानंही तूट वाढते.

आणि ही तूट सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. नोकरदाराचं जमतं, बागायतदाराचं जमतं, दुकानवाल्याचं जमतं. ती खाली सरकत सरकत कोरडवाहूवाल्यापाशी येऊन साचते. मुली कमी आहेत हे खरं, पण कोणाला कमी पडतात हा तुमचा प्रश्न.

मिरचीचा_ठेचा :
प्रतिसाद आवडला. अवांतर : गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ला. कायदा पहिला आणि आकडे असे.

सोलापुरी_चादर :
आमच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयावर नवरदेवांचा मोर्चा निघाला होता. मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बॅंडबाजा लावून. सगळ्या देशात बातमी झाली, लोक हसले. पण त्यांची मागणी नीट होती, गर्भलिंग निदानाचा कायदा कडक राबवा. प्रस्तावनेत याचा उल्लेख कर, तुझ्या जिल्ह्याचाच आहे.

बांधावरून :
ताई, मी पंढरपूर तालुक्यातला. वय ३४. बी. ए. केलंय, समाजशास्त्र एक पेपर होता. चार एकर रान, त्यातलं दोन ओलिताखाली. डाळिंब होतं ते तेल्या रोगानं गेलं, आता ऊस आणि थोडी मका.

मी तुमच्या १०० मुलांतला एक आहे असं धरा आणि ऐका. फॉर्ममध्ये 'आपले लग्न का जमले नाही' असा प्रश्न टाकला तर मी खोटं लिहिणार. सगळेच खोटं लिहिणार. 'शेती परवडत नाही' लिहून मोकळे होणार, कारण त्यात आमची इज्जत जात नाही. त्यापेक्षा विचारा की गेल्या दिवाळीपासून किती स्थळं बघितली. मध्यस्थ कोण होता, त्यानं किती मागितले. नकार कुणाच्या तोंडून आला आणि काय शब्दांत आला. मला एका ठिकाणी पहिला प्रश्न आला, पगार किती. शेतकऱ्याला पगार असतोय का? त्याच घरानं नंतर जो पोरगा केला तो चाकणला कंपनीत ठेकेदाराकडं आहे, कायम पण नाही. माझं वर्षाचं उत्पन्न त्याच्यापेक्षा जास्त भरंल, चांगल्या वर्षी. वाईट वर्षी भरत नाही, हे पण खरं.

पण मी कुणाला नावं ठेवत नाही. का ते सांगतो. माझ्या बहिणीचं लग्न करताना आम्ही काय केलं? वडलांनी एकसुद्धा शेतकरी स्थळ दारात उभं केलं नाही. पोलीस खात्यातला मुलगा केला. मीच चौकशीला फिरलो होतो. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, आज पण वाटत नाही. हे तुमच्या प्रोजेक्टात कुठं बसतंय बघा.

कोरा_कागद :
@बांधावरून, दादा, तुम्ही आख्खा आराखडा देऊन टाकलात.

वैतागवाडी :
या प्रतिसादापुढे विनोद सुचत नाही. तात्पुरती रजा.

लेकीची_आई :
बांधावरून यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे. पण वर 'मुलींच्या अपेक्षा' वर जी चेष्टा चालली आहे त्यावर लिहिते.

माझं माहेर माढ्याकडचं. माझी आई पहाटे चारला उठायची. शेण, धारा, पाणी, भाकरी, मग खुरपायला, तिथून आल्यावर परत धारा. आयुष्यभर ती शेतकरीच होती, पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही. दुधाचे पैसे कधी तिच्या हातात आले नाहीत. मी तिच्याकडे बघून ठरवलं की शेतकरी नवरा करायचा नाही. माझ्या मुलीनं माझ्याकडे बघून ठरवलं असेल. शेतीला नाही म्हणणाऱ्या मुली शेतीला नाही म्हणत नाहीत, त्या कामाच्या वाटणीला नाही म्हणतात. रानवारा, हे तुझ्या फॉर्ममध्ये येणारच नाही, कारण फॉर्म तू मुलांनाच देणार आहेस.

खडूफळा :
लेकीची_आई, अगदी मुद्द्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नव्वदच्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती' हाती घेतली होती, शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करून द्यावा अशी. आज लग्नाच्या बैठकीत कोणी मुलाकडचे 'मुलीचं नाव सातबाऱ्यावर लावू' म्हणतात का, हा प्रश्न रानवारानं जरूर विचारावा. म्हणत असतील तर बातमी आहे, नसतील तर तीही.

पुणेरी_पाटी :
पण सर, सातबाऱ्यावर लावायला जमीन उरलीय किती?

आकडेमोड :
राज्यात सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६च्या कृषी गणनेत १.३४. वाटण्या होत होत पणजोबांचं शेत नातवाच्या बांधापुरतं उरलं. सरासरीत कोरडवाहू-बागायत सगळं मिसळलेलं असतं, तरी दिशा कळते.

डिचोलीकर :
आमच्या गोव्यातलं सांगतो. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात ट्रक असलेला मुलगा म्हणजे एकदम मागणीचं स्थळ होतं. शिक्षण दहावी नापास असो, खाणीवर ट्रक आहे म्हटलं की बोलणी पुढे जायची. २०१२ला खाणी बंद झाल्या, दारात उभ्या ट्रकांचे हप्ते थकले, आणि त्याच मुलांना स्थळं येईनाशी झाली. त्यांच्याकडे शेती नव्हतीच. म्हणजे नकार शेतीला नसून दर महिन्याला ठरलेली रक्कम न येण्याला आहे, असं असू शकेल ना? तिसरं गृहीतक त्या अंगानं तपासून बघ. गावातला कायम नोकरी नसलेला, शेतीही नसलेला मुलगा आणि शेतकरी मुलगा, दोघांची तुलना.

नाना_चौकस :
मी थोडं कडू बोलणार. एवढा काथ्याकूट कशासाठी? हे प्रकल्प शेवटी स्पायरल बाइंडिंग करून कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी रद्दीत. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, नाव बदलून. आता तर संगणकाला सांगितलं की दोन मिनिटांत पन्नास पानं, संदर्भसूचीसह, आणि त्या सूचीतली पुस्तकं जगात अस्तित्वातच नसतात. मार्क सगळ्यांना सारखेच. पोरीनं मोबाईलचा परिणाम घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा.

मिरचीचा_ठेचा :
नाना, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत सदाशिव पेठेत तिशी गाठलेल्यांचीही लग्नं जमत नाहीत. तो वेगळा धागा काढा.

खडूफळा :
नाना, तुमचं निम्मं खरं आहे. रद्दीत जातात, मी स्वतः घातलेत. पण त्या ढिगातून दरवर्षी एखादा असा निघायचा की व्हायवा घेणाराच शिकून जायचा. ऊसतोड कामगारांच्या मुलीनं एकदा आपल्या टोळीचा उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, हिशोब मांडला होता, मुकादमानं कोयत्याला (नवरा-बायकोच्या जोडीला) किती दिले, किती कापले, आजारपणाचे खाडे कसे धरले. वीस पानं होती, हातानं लिहिलेली. संदर्भसूचीत काही नव्हतं. तसा हिशोब मला छापील अहवालात मिळाला नव्हता.

नाना_चौकस :
तो अपवाद झाला. पण ठीक आहे, लिहा.

जातवार_नाही :
इतके प्रतिसाद झाले आणि जात कुणीच काढली नाही. कमाल आहे. लग्नाचा विषय, महाराष्ट्र, आणि जात नाही!

मुली कमी आहेत म्हणता, पण शोधता कुठे? आपल्याच जातीत, त्यातही पोटजातीत, त्यातही सोयरीक होत आलेल्या चार तालुक्यांत. तळ्यात पाणी कमी नाही, आपण वाटीभर पाण्यात गळ टाकून बसलोय. आणि याच्या उलट टोकाला, दलालामार्फत लांबून, परराज्यातून मुली आणल्या जातात तेव्हा जात विचारली जात नाही. हरियाणात बंगाल, आसाम, ओडिशाकडून अशा नवऱ्या आणतात, त्यांना तिकडे 'पारो', 'मोलकी' म्हणतात. आपल्याकडेही पैसे मोजून लग्न लावलं आणि आठवड्यात नवरी दागिने घेऊन पळाली अशा बातम्या वाचतोच. म्हणजे हजार किलोमीटरवरची अनोळखी चालते, पण पलीकडच्या आळीतली, आपल्याबरोबर शाळेत शिकलेली चालत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी हे विचारणार नसेल तर कोण विचारणार?

पुणेरी_पाटी :
आला मुद्दा फिरून तिथंच. आता धागा शंभरी गाठणार.

जातवार_नाही :
@पुणेरी_पाटी, तुमच्याकडच्या लग्नाच्या परिचय पत्रात पहिल्या तीन ओळींत काय असतं ते बघून सांगा, मग बोलू.

कोरा_कागद :
भांडू नका, मुलीला शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

जातीचा मुद्दा मात्र हवाच. पण रानवारा, थेट 'आंतरजातीय विवाहास आपली संमती आहे का? होय / नाही' असं विचारू नकोस. 'होय' वर टिक करतील आणि घरी जाऊन सोयरीक शोधतील. परिचय पत्रं मागून घे, दहा-बारा मिळाली तरी पुरे. त्यात काय लिहिलंय, कोणत्या क्रमानं, अपेक्षेच्या रकान्यात काय आहे, ते वाच. कागद बोलताना लाजत नाही.

मी पीएच. डी. करतेय, मराठवाड्यात गावागावांतून मुलाखती घेतल्यात, त्यावरून काही सांगते. तू त्याच गावची आहेस. यामुळे दारं उघडतील, पण तुझ्याच आळीची. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास केला तेव्हा ते अग्रहारात, म्हणजे ब्राह्मण आळीत, राहत होते, आणि त्यामुळे दलित वस्तीशी त्यांचा तसा मोकळा संबंध येऊ शकला नाही, हे त्यांनी स्वतः नोंदवलंय. गावाचं खरं नावही त्यांनी दिलं नाही, 'श्रीपुरम' म्हटलं. तूही गावाचं नाव बदल. माणसांची तर बदलच. नुसती नावं बदलून भागणार नाही, 'चार एकर, बहीण पोलिसाला दिली' एवढं वाचून गावात कोणीही ओळखेल. (बांधावरून दादा, तुमचा प्रतिसाद वापरायचा तर तिनं आधी विचारायला हवं.)

चुलतभावाची मुलाखत घेऊ नकोस. तो नाही म्हणू शकणार नाही, आणि संमती म्हणजे नाही म्हणायची सोय.

आणखी एक, हे सरांशी आधी बोलून ठेव. मुलाखती घेताना कुठेतरी सोळा-सतराच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर येईल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एका बाजूला तिशीतले बिनलग्नाचे आणि दुसऱ्या बाजूला हे, एकाच गावात. अशा वेळी 'मी फक्त संशोधक' म्हणून गप्प बसता येत नाही. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. पण एकटीनं धावू नकोस, सरांना आणि कॉलेजला सांगून कर.

वैतागवाडी :
रजा संपली. एक व्यावहारिक शंका : वीस वर्षांची मुलगी वही-पेन घेऊन गावातल्या बिनलग्नाच्या मुलांच्या घरोघरी जाणार. प्रकल्प संपायच्या आत संशोधिकेचंच जमवून टाकतील की हो.

रानवारा :
@वैतागवाडी, आजीनं हाच प्रश्न विचारलाय आणि तिला तो विनोद वाटलेला नाही.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, वहीत उतरवतेय. लेकीची_आई काकू, तुमचं वाचून माझ्या आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, पण रात्री जेवताना म्हणाली की मुलाखत घ्यायची तर माझीच घे आधी. बांधावरून दादा, तुमचं वापरू का? गाव, पीक, बहिणीच्या सासरचं खातं सगळं बदलते.

बांधावरून :
वापरा. पीक बदलू नका तेवढं, तेल्या लागू द्या त्याला.

लेकीची_आई :
मुलांशी बोलायला जायचंच असेल तर गावातल्या आशा कार्यकर्तीला किंवा मैत्रिणीला बरोबर घे, दुपारी घरातली बाया-माणसं असताना जा. पण माझं म्हणशील तर मुलांऐवजी त्यांच्या आयांशी बोल. स्थळ शोधतात आया, नाकारतात आया, मुलीकडचा निरोप घेतात त्याही आयाच.

आकडेमोड :
आणि तो गूगल फॉर्म रद्द कर. १०० फॉर्ममध्ये 'आपणास नैराश्य येते का? होय / नाही / सांगता येत नाही' यापलीकडे काही निघणार नाही, आणि मग तू त्याचे वर्तुळ-आलेख काढशील. लिंक ज्याच्याकडे जाईल तोच भरणार, त्याला टक्केवारी लावून काय उपयोग? आलेख काढू नका अशी विनंती एक सांख्यिकीवाला करतोय, यावरून समजून घे.

सोलापुरी_चादर :
मुलाखतींच्या वह्यांचे रोज फोटो काढून ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या म्हैसूरकडच्या गावाच्या टिपणांना १९७० मध्ये स्टॅनफर्डला आग लागली, कोणीतरी लावलेली. जवळजवळ अठरा वर्षांचं काम. मग त्यांनी आठवणीतून लिहिलं. ते श्रीनिवास होते म्हणून निभावलं.

वैतागवाडी :
आमच्या वेळी व्हायवाच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्याच वह्या जळायच्या.

रानवारा :
उशिरा लिहितेय, उद्या शुक्रवार. नवीन मांडणी अशी केलीय, बघा.

शीर्षक : 'मुलगी देताना, सून आणताना : एका गावातील कुटुंबांच्या जोडीदार-निवडीच्या निकषांचा अभ्यास'.

एकच गाव. अशी घरं घ्यायची जिथं गेल्या दहा वर्षांत मुलीचं लग्न झालंय आणि त्याच घरात तिशीच्या पुढचा मुलगा बिनलग्नाचा आहे. बांधावरून दादांचं घर तसंच आहे. अशी बारा-पंधरा घरं गावात आहेत, आजीला बोटावर पाठ आहेत. प्रत्येक घरात आई, आणि जमलं तर लग्न झालेली मुलगी सणाला माहेरी येईल तेव्हा ती. विचारायचं की मुलीसाठी स्थळ बघताना काय काय पाहिलं, काय नाकारलं. मग सुनेसाठी बघताना काय पाहिलं, आणि आपल्याला कोणी काय कारणानं नाकारलं. जमीन, दरमहा येणारा पैसा, शेतातलं काम, पोटजात, किती लांब, असे मुद्दे धरून. सोबत मिळतील तितकी परिचय पत्रं. गृहीतक एकच ठेवलंय : ज्या निकषांवर मुलगा नाकारला जातो तेच निकष त्याच घरानं मुलगी देताना लावलेले असतात.

मर्यादांमध्ये लिहिलंय की मी याच गावची आहे आणि चुलतभावाचं घर यातून वगळलंय.

खडूफळा :
हे झालं संशोधन. दोन सूचना. गृहीतकाऐवजी संशोधन प्रश्न म्हण, पंधरा घरांवर गृहीतक सिद्ध-असिद्ध करायच्या फंदात पडू नकोस. आणि पंधराच्या पंधरा घरं एकाच जातीची निघाली तर आजीच्या यादीवर अवलंबून न राहता दुसऱ्या आळीतल्या कुणा आजीलाही विचार.

जातवार_नाही :
+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

आकडेमोड :
उलट उदाहरणंही दोन-तीन घे. मुलगी शेतकऱ्याला दिली आणि मुलाचंही जमलं अशी घरं. ती नसतील तर 'तेच निकष' हे सगळ्याच घरांचं असेल, न जमण्याशी त्याचा संबंध लागणार नाही.

नाना_चौकस :
मोबाईलचा परिणाम घे म्हणालो होतो ते मागे घेतो. आराखडा मंजूर झाला तर सांग.

बांधावरून :
ताई, एक ध्यानात ठेवा. तुळशीचं लग्न झालं की स्थळं बघायला गाड्या निघतात, मग आया हाती लागत नाहीत, लागल्या तरी डोकं तिकडंच असतं. आधी उरका. आणि माहेरवाशिणी भेटायच्या असतील तर दिवाळीची भाऊबीज, त्या दोन दिवसांत जमवा सगळं.

रानवारा :
भाऊबीजेला पंधरा घरं दोन दिवसांत होणार नाहीत दादा. नागपंचमीपासूनच सुरू करते, तेव्हाही येतात.